रहीमसाहेबांचा काळ आणि आपली हळहळ



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला गाठून विचारलं, सोलापुरात फुटबॉलच्या इतिहासावर व्याख्यान? कोल्हापूरला ठेवायचं ना! प्रश्न रास्त आहे. कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना असला की अर्धं शहर शाहू स्टेडियमकडे चालू लागतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्या गावाची खेळातली आठवण विचारली तर पॉली उम्रीगर इथे जन्मले, हे पहिलं सांगितलं जातं. म्हणजे क्रिकेटच.

तरी हा विषय का घेतला, ते सांगतो. २०२४ साली ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, यांच्यावरचा. तो बघून आलेली काही तरुण मुलं आणि काही पेन्शनर मंडळी आमच्याशी बोलत होती. सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकाच वाक्यावर व्हायचा: असा माणूस परत मिळाला पाहिजे. त्यात तरुणांनी रहीमसाहेबांचा काळ पाहिलेला नाही, आणि पेन्शनरांनीही तो पाहिलेला नाही, कारण रहीमसाहेब १९६३ साली गेले. जे पाहिलंच नाही, त्याची इतकी हळहळ का वाटते? आणि ती हळहळ नेमकी कशाची आहे? आज आपण एवढंच बघणार आहोत.

हे वेड फक्त आपलंच आहे असं समजू नका. इंग्लंडात मँचेस्टर युनायटेडचे चाहते ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या नावाने अजून सुस्कारे टाकतात. साडेसव्वीस वर्षं संघ सांभाळून ते २०१३ साली निवृत्त झाले, आणि त्यानंतर त्या संघाला तिथली लीग एकदाही जिंकता आलेली नाही. गोव्यात जा, धेंपो क्लबच्या जुन्या चाहत्यांजवळ आर्मांदो कुलासो यांचं नाव काढा, मग बघा. २००५ ते २०१२ या काळात त्यांनी क्लबला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. प्रशिक्षक हा असा प्राणी आहे की तो असताना लोक त्याला शिव्या घालतात आणि गेल्यावर त्याच्या काळाला सुवर्णयुग म्हणतात.

पण रहीमसाहेबांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या स्टेशनावरून जाते.

वाडी, गुलबर्गा, सोलापूर

नकाशा डोळ्यांसमोर आणा. हैदराबादहून मुंबईला जायचं तर गाडी आधी वाडीला येते. तिथे निझामाच्या रेल्वेचा मार्ग मुंबई–मद्रास मार्गाला मिळतो. मग गुलबर्गा, मग सोलापूर, पुढे कुर्डुवाडी, दौंड, पुणे, मुंबई. हैदराबादच्या माणसाला मुंबईला जाताना आपलं गाव चुकवता येत नव्हतं. आपल्या पूर्व भागातली तेलुगू घरं, आपला कानडी शेजार, आपल्या बाजारातली दखनी उर्दू, हे सगळं त्याच वाटेवरचं देणंघेणं आहे. रहीम हे नाव आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही.

आता दुसरी गोष्ट. १३ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्याची मुख्य फौज हैदराबाद संस्थानात कुठून शिरली? आपल्या सोलापुरातून. मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली नळदुर्गच्या दिशेने. आपण त्याला पोलीस ॲक्शन म्हणतो. १७ तारखेला निझामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष, रझाकारांचा जोर होता तेव्हा, सरहद्दीपलीकडून जीव मुठीत धरून सोलापुरात आलेली कुटुंबं होती. आणि कारवाईनंतर संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांनी काय सोसलं, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. दोन्ही बाजूंच्या जखमा ताज्या होत्या.

हे का सांगतो? कारण त्यानंतर फक्त दोन वर्षांनी, १९५० साली, त्याच हैदराबादचा एक पोलीस संघ मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकतो. आणि तीन वर्षांच्या आत, १९५१ च्या मार्चमध्ये, त्याच हैदराबादचा एक शाळामास्तर दिल्लीत भारताच्या संघाचा प्रशिक्षक असतो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निझामाची रेल्वेसुद्धा मध्य रेल्वेत विलीन झाली. रुळांच्या आणि कागदांच्या विलीनीकरणाबरोबर मनांचं विलीनीकरणही चाललं होतं. मैदानावर ते जरा लवकर झालं असं म्हणायला हरकत नाही.

मास्तर

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथे फुटबॉल खेळले आणि मग शिक्षक झाले. हैदराबादमधल्या वेगवेगळ्या शाळांत त्यांनी शिकवलं. शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत सचिव राहिले. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला.

हा क्रम नीट बघा. आधी शिक्षक, मग सचिव, मग क्लबचा प्रशिक्षक, आणि शेवटी देशाचा. चित्रपटात स्वाभाविकच शेवटच्या पायरीवर सगळा प्रकाश पडतो. पण या माणसाची खरी कर्तबगारी आमच्या मते मधल्या दोन पायऱ्यांवर आहे.

सचिव म्हणून त्यांनी काय केलं? हैदराबादमध्ये त्यांनी काही चमत्कारिक स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. एका स्पर्धेत नियम असा की चेंडू घेऊन पळायचं नाही, ड्रिब्लिंग बंद. चेंडू आला की लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत आपल्या सवयीच्या पायाने चेंडू मारायचा नाही. उजव्या पायाचा खेळाडू असेल तर त्याने डाव्यानेच मारायचं. तिसरी स्पर्धा बुटक्या मुलांसाठी, ठरावीक उंचीच्या वर असलेल्यांना प्रवेश नाही.

ऐकायला गंमत वाटते, पण यातला हिशोब फार पक्का आहे. आपल्याकडची गुणी मुलं चेंडू पायाला चिकटवून तीन-चार जणांना चकवतात आणि टाळ्या घेतात. सामना मात्र हरतात. ही सवय भाषण देऊन जात नाही. ती स्पर्धेच्या नियमातच बसवून टाकली की मुलगा झक मारत पास द्यायला शिकतो. एका पायाने खेळणाऱ्याला विरोधी बचावपटू सहज अडवतो. दोन्ही पाय चालणाऱ्याला अडवणं अवघड. आणि दहा-बारा वर्षांची बुटकी मुलं मोठ्यांच्या स्पर्धेत ढकलली जातात आणि खेळ सोडून देतात. त्यांना त्यांची स्वतःची स्पर्धा मिळाली तर ती टिकतात, आणि पुढे उंचही होतात.

म्हणजे हा माणूस मैदानात उभं राहून शिट्टी मारण्याआधी, स्पर्धांच्या वेळापत्रकातूनच खेळाडू घडवत होता. शाळामास्तर अभ्यासक्रम ठरवतो ना, तसं.

त्याचं फळ काय? हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा पाच वर्षं सलग रोव्हर्स कप जिंकला. ही स्पर्धा मुंबईची, १८९१ पासूनची. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणींच्याच ताब्यात होती. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सच्या रूपाने पहिल्यांदा भारतीय संघाचं नाव त्या चषकावर लागलं. तिथे पाच वर्षं सलग एकच संघ, आणि तो कलकत्त्याचा नव्हे, मुंबईचाही नव्हे. हैदराबादच्या पोलिसांचा. पुढे संतोष ट्रॉफीतही हैदराबादने १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत ओळीने विजेतेपद घेतलं, दोन्ही वेळा मुंबईला हरवून. त्यावेळी हैदराबाद राज्य म्हणून उरलंच नव्हतं बरं का. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे तीन तुकडे झाले होते. मराठवाडा आपल्याकडे आला, गुलबर्ग्याचा भाग म्हैसूरकडे गेला, तेलंगण आंध्रात. राज्य नकाशावरून गेलं, पण फुटबॉलचा संघ त्या नावाने जिंकतच राहिला.

दिल्ली, हेलसिंकी, मेलबर्न

आता देशाच्या संघाकडे येऊ. आठवणी आणि इतिहास यांची गाठ खरी इथे पडते.

१९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामन्यात इराणला १–० हरवलं, गोल मेवालाल यांचा, कर्णधार शैलेन मन्ना. हे सगळ्यांना आठवतं.

पुढच्याच वर्षी, १९५२ च्या जुलैमध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला हाच मास्तर संघ घेऊन गेला. पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी. निकाल किती? १०–१. दहा गोल खाल्ले. थंडी, ओलसर मैदान, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. एकमेव गोल अहमद खान यांचा. भारतीय फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या पराभवांपैकी हा एक. प्रशिक्षक रहीम.

हळहळ करणाऱ्या माणसाला हा सामना विचारून बघा. बहुतेकांना ठाऊक नसतो. आठवणीला दहा गोल नको असतात. पण आमच्या मते रहीमसाहेबांचं मोठेपण याच सामन्यापासून समजायला लागतं. त्या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. आपली जुनी मांडणी आता युरोपियन संघांपुढे टिकत नाही, हे उघड झालं. १९५३ साली हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्लीवर ६–३ असं धुतलं, ते सेंटर फॉरवर्डला मुद्दाम मागे खेचून. तो मागे गेला की त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूने काय करायचं, त्याच्यामागे जायचं की जागेवर थांबायचं, हेच इंग्रजांना कळेना. जगात फुटबॉलची मांडणी बदलत होती आणि हैदराबादचा हा शिक्षक त्यावर लक्ष ठेवून होता.

मग १९५६, मेलबर्न. १ डिसेंबरला भारत विरुद्ध यजमान ऑस्ट्रेलिया. भारत ४–२ ने जिंकला. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिल मुंबईचा, गोवेकर कुटुंबातला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मग उपांत्य सामना. समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणारा. उत्तरार्धात नेव्हिलने गोल केला आणि काही मिनिटं भारत १–० ने पुढे होता. शेवटी ४–१ हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडूनही ३–० हरलो. चौथा क्रमांक. स्पर्धेत सर्वाधिक, प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता.

आमच्या हिशोबी मेलबर्नची खरी मिळकत चौथा क्रमांक नाही. १०–१ पासून ती काही मिनिटांची आघाडी, ही खरी मिळकत. त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर, चार वर्षांत.

आणि इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगायला हवा. मेलबर्नला फुटबॉलमध्ये अकराच संघ उतरले होते. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. म्हणजे एक सामना जिंकून आपण उपांत्य फेरीत गेलो. दिल्लीच्या १९५१ च्या स्पर्धेत सहाच देश होते. यामुळे ते यश खोटं ठरत नाही. पण त्या काळी भारत जगातल्या पहिल्या चारांत होता, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला थोडं थांबवायला हवं. १९५४ ला मनिलात आणि १९५८ ला टोकियोत आशियाई स्पर्धांमध्ये आपल्याला पदकही मिळालेलं नाही. आठवणीत १९५१ पासून १९६२ पर्यंत एक सलग सोनेरी पट्टा दिसतो. प्रत्यक्षात तो तुटक होता, आणि सगळी वर्षं संघ रहीमसाहेबांच्या हातीही नव्हता.

जकार्ता

आता त्या दिवसाबद्दल. ४ सप्टेंबर १९६२.

जकार्ताची आशियाई स्पर्धा राजकारणाने नासलेली होती. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई क्रीडा चळवळीतले भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला. झालं, तिथलं जनमत भारतावर खवळलं, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. प्रेक्षक भारताच्या विरोधात. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २–० हरवलं. पुढे थायलंडला ४–१, जपानला २–० असं हरवून आपण उपांत्य फेरीत आलो, आणि तिथे दक्षिण व्हिएतनामला ३–२ असं कसंबसं मागे टाकलं.

अंतिम सामना पुन्हा कोरियाशी. रहीमसाहेबांनी काय केलं? जरनैल सिंग हा बचावफळीचा खांब. त्याच्या डोक्याला थायलंडविरुद्ध जबर मार लागून टाके पडले होते. त्याला त्यांनी उपांत्य सामन्यापासून पुढे आणून आघाडीला खेळवलं होतं, अंतिम सामन्यातही तिथेच ठेवलं. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून उठला होता. उंच चेंडू झेलण्यात त्याचा हातखंडा, म्हणून त्याला परत घेतलं. मधल्या फळीत फॉर्च्युनातो फ्रँको, गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. पी. के. बॅनर्जी बंगालचे, चुनी गोस्वामी कर्णधार, बलराम सिकंदराबादचे, युसुफ खान हैदराबादचे.

सामना सुरू झाला तेव्हा स्टेडियममध्ये लाखभर माणसं आपल्या विरोधात ओरडत होती. आपल्या बाजूने ओरडणारे मूठभर, आणि त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता असं आपल्या खेळाडूंनी नंतर सांगितलं आहे. पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. आणि जरनैल यांनी गोल केले. शेवटी शेवटी कोरियाने एक फेडला. २–१. सुवर्णपदक.

त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने घेरलं होतं. आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे हे पदक भेट म्हणून मागितलं, असं खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ ला, ते गेले. त्रेपन्न वर्षांचे होते. मुलगा एस. एस. हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होता.

त्यानंतर आजपर्यंत भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही. १९६० नंतर ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत आपला फुटबॉल संघ गेलेला नाही. आता सांगा, हळहळ होणार नाही तर काय होईल?

हळहळीचा हिशोब

हळहळ खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, ती चुकीच्या वस्तूवर बसली आहे.

आठवण गोष्ट सोपी करते. याचं जुनं उदाहरण म्हणजे १९५० चा विश्वचषक. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून भारत ब्राझीलला गेला नाही, ही कथा तुम्ही शंभरदा ऐकली असेल. ऐकायला छान आहे, आपण साधे-भोळे आणि जग निष्ठुर. प्रत्यक्षात निवडीवरचे मतभेद आणि सरावाला पुरेसा वेळ नाही, ही कारणं महासंघाने दिली होती. शिवाय त्या वेळी आपल्या लोकांना ऑलिंपिक मोठं वाटत होतं, विश्वचषकाची किंमत कळलेली नव्हती. पण निर्णय चुकला असं म्हणण्यापेक्षा बुटांची गोष्ट सांगणं सुखाचं पडतं.

रहीमसाहेबांबद्दल तसंच होतंय. एक जादूगार होता, तो गेला, जादू संपली. असं म्हटलं की आपल्यावर काही जबाबदारी उरत नाही. जादूगार काय, दैवाने मिळतो.

पण तो जादूगार नव्हता ना! त्याच्या पाठीशी काय होतं ते मोजू या. शहरात शाळांची मैदानं होती. वर्षभर चालणाऱ्या लहानमोठ्या स्पर्धा होत्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, नोकरी होती. हैदराबादचा चांगला खेळाडू पोलिसांत लागत असे. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, रेल्वे, असे संस्थांचे संघ होते. थंगराज लष्करात घडला. गरीब घरातल्या मुलाला बाप म्हणायचा, खेळून पोट भरतं का? आणि त्याला उत्तर होतं: भरतं, महिन्याला पगार मिळतो. रहीमसाहेबांची सगळी शिकवण या पगारावर उभी होती. उपाशी मुलाला डाव्या पायाने चेंडू मारायला शिकवता येत नाही, मंडळी.

याचा पुरावाही आहे. ते गेल्यावर इमारत लगेच कोसळली नाही. १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला. १९७० च्या बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं, कर्णधार हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन. म्हणजे माणूस गेल्यावर सात वर्षं त्याच्या मातीत पीक येतच होतं. मग विहीर आटत गेली. शहरं वाढली, मैदानं कमी झाली, कंपन्यांनी संघ गुंडाळले. ज्या रोव्हर्स कपसाठी हैदराबादची पोरं आपल्या स्टेशनावरून मुंबईला जायची, तो कप २००१ च्या सुमारास बंद पडला. महिंद्र युनायटेड २००५–०६ ला देशाचा विजेता होता, २०१० ला बरखास्त झाला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपोच्या चाहत्यांना कुलासो आठवतात, ते बरोबरच आहे. पण कुलासो परत आले तरी ते कोणत्या लीगमध्ये संघ उतरवणार होते?

आता जपानकडे बघा. १९६२ च्या जकार्तात आपण जपानला २–० हरवलं. त्याच सुमारास, १९६० पासून, जपानने डेटमार क्रामर नावाचा जर्मन प्रशिक्षक आणला होता. तोही एकटाच माणूस. पण त्याने जाता जाता सल्ला दिला, तुमच्या देशात लीग सुरू करा, प्रशिक्षक तयार करा. जपानी लोकांनी ऐकलं. १९६५ ला कंपन्यांच्या संघांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानला कांस्यपदक. आपली राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ उजाडलं.

क्रामर मोठा की रहीम मोठे, हा वाद आम्हाला घालायचा नाही. जपानने आपल्या प्रशिक्षकाचं ऐकून व्यवस्था उभी केली, आपण आपल्या प्रशिक्षकाच्या आठवणी काढल्या. सचिव असताना रहीमसाहेबांनी ज्या स्पर्धा घेतल्या, त्या देशभर घ्यायला कोणत्या जादूची गरज होती?

म्हणूनच कोल्हापूरचं कौतुक वाटतं. तिथल्या तालमींनी देशाला फार मोठे खेळाडू दिले की नाही, हा वेगळा प्रश्न. पण तिथे पेठेचा संघ आहे, हंगाम आहे, आणि पोराचा सामना बघायला आजोबा येतात. तिथली हळहळ नुसती बोलून संपत नाही, ती दर हंगामाला मैदानात उतरते.

शेवटचं

आपल्या सोलापूरला हळहळ नवी नाही. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. अजूनही जुनी मिल म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज बदलतो. आपण तेव्हाही अमुक मालक असता तर, तमुक मॅनेजर असता तर, असंच बोलत आलो. भोंग्याबरोबर पगार गेला, आणि पगाराबरोबर वस्तीतले खेळाचे संघही विरत गेले, हे आपण क्वचित बोलतो.

तर त्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर. रहीमसाहेबांसारखा माणूस परत मिळेल का? आमचं उत्तर असं: मिळेलही. कदाचित आत्ता तो कुठल्यातरी शाळेत शिकवतही असेल. पीटीचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकलेला असेल, आणि तो स्टाफरूममध्ये बसून निवडणुकीच्या याद्या तपासत असेल. त्याच्या शाळेचं मैदान संध्याकाळी पाचला कुलूप लावून बंद होत असेल.

म्हणून एक विनंती. घरी जाताना आपल्या वस्तीतल्या शाळांची मैदानं मोजा. त्यांतली किती संध्याकाळी मुलांसाठी उघडी असतात, तेही मोजा. जी बंद आहेत त्यांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना जाऊन भेटा. बुटक्या मुलांची एक स्पर्धा घ्यायला चेंडू, शिट्टी आणि उंची मोजायला भिंतीवर एक रेघ लागते. रहीमसाहेबांना आदरांजली वाहायची असेल, तर ती रेघ ओढून वाहू.

आता प्रश्न घेऊ.